सिस्टर साळवे आणि पाण्याची नळी

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. गुडघे कामातून गेले होते, पण नाक आणि कान शाबूत होते, आणि गाडीच्या बाबतीत मला शिकवील असा माणूस दिल्लीत जन्मलेला नाही अशी माझी समजूत होती. ती समजूत सिस्टर साळवेनं मोडली. त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या महिन्यात ती नगरला वारली. इथं गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत लोकांनी हॉलमध्ये तिचा फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या, आणि एकेक जण उठून माइकवर बोलला. "सिस्टर जी बहुत स्वीट थीं." "हमेशा मुस्कुराती रहती थीं." मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझी कानशिलं तापत होती. ती बाई सतरा वर्षं आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहिली, तिला हसताना मी चार-पाच वेळा पाहिलं असेल. म्हणे स्वीट! हे ज्या त्यागीजींनी सांगितलं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, त्यांना तिनं एकदा सगळ्यांदेखत लिफ्टमधून बाहेर काढलं होतं, कारण अंगात ताप असताना ते लहान पोरांच्या मध्ये शिंकत उभे होते. मेलेल्या माणसाला असं साखरेत घोळवलं की तो होता तसा कुणाला दिसतच नाही. म्हणून मी लिहायला बसलो. मी चौथी पास आहे. माझं अक्षर मोठं येतं आणि वेळ लागतो. लागू दे.

तोंडावर मी तिला "अहो सिस्टर" म्हणायचो. इथं "ती" लिहिणार आहे. रागात "त्या" लिहायला हात वळत नाही.

नाव रूथ साळवे. मूळची नगरची, ख्रिस्ती घरातली. दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नोकरीचा सगळा जन्म गेला, शेवटी वॉर्ड तिच्या हाताखाली होता. लग्न केलं नाही. अंगानं एवढीशी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, साडीखाली कॅनव्हासचे बूट, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघायला सोयीचं म्हणून. कुठंही बसायच्या आधी कमरेचा रुमाल काढायची आणि खुर्ची पुसायची. आमच्या घरीसुद्धा! माझी बायको सुलोचना रोज दोनदा फडकं मारते, तरीही. मला ते फार लागायचं. एकदा म्हटलं, "सिस्टर, आमच्याकडे घाण नाही."

"घाण आहे असं कुठं म्हटलं मी? आधी पुसायचं, मग बघायचं. पुसल्याशिवाय कळत नाही काय होतं आणि काय नव्हतं."

हे तिचं सगळ्याला होतं. जखम असो, डाळीचा डबा असो, भांडण असो. सोसायटीत दोघं भांडत आली की म्हणायची, "आधी तोंडं धुऊन या, मग बोला." आणि लोक धुऊन यायचे, हे विशेष. सुलोचनाला साखरेचा आजार झाला तेव्हा सुई टोचून घ्यायला ती घाबरायची. सिस्टर रोज सकाळी साताला खाली येऊन टोचायची, आणि महिना झाल्यावर एक दिवस सुई सुलोचनाच्या हातात देऊन म्हणाली, "आता तुम्ही. मी काय तुमच्याबरोबर सती जाणार नाही." सुलोचना रडली, मी चिडलो, सिस्टर खुर्ची पुसून बसून राहिली. चाळीस मिनिटं. शेवटी सुलोचनानं स्वतः टोचून घेतलं. तिसऱ्या मिनिटाला दोघी चहा पीत होत्या आणि मी एकटाच चिडलेला होतो.

माझ्याबद्दल फार नाही सांगत. साताऱ्याकडचा मी. कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाऊसमध्ये चौतीस वर्षं ड्रायव्हर होतो. मंत्री आणले, सचिव नेले, एक ओरखडा नाही. गाडी बिघडली तर गॅरेजची वाट बघायची आमची पद्धत नव्हती. टाकी गळली तर साबण चोळायचा, पट्टा तुटला तर काहीतरी बांधून चालवायचं, साहेबाला कळता कामा नये. साहेबाला कळलं नाही म्हणजे बिघाड झालाच नाही. हे आम्ही अभिमानानं सांगायचो. मी अजून सांगायचो.

सिस्टरनं लाल रंगाची एक छोटी गाडी घेतली तेव्हा ती छप्पन्न-सत्तावन्नची होती. चालवायला मीच शिकवली. शिकवताना रोज भांडण. मी म्हणायचो, "हॉर्न मारा." ती म्हणायची, "का? तो माणूस बहिरा आहे का?" पण शिकली. आणि दर संक्रांतीला त्या गाडीतून पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायला लागली. आम्हा दोघांना घेऊन. तिळाच्या वड्या सुलोचनाच्या, गाडी तिची, रस्ता माझा.

तिथं महाराष्ट्रातून माणसं येतात, फेटे बांधून, घोषणा देतात, भाषणं होतात. मलाही छाती फुगवून उभं राहायला आवडतं. सिस्टर मात्र सगळ्यांपासून लांब, शेवटच्या झाडाखाली हात मागे बांधून उभी राहायची. एका वर्षी फेटेवाल्या एका गृहस्थानं कौतुकानं विचारलं, "ताई, तुम्ही ख्रिश्चन असून येता?"

ती म्हणाली, "मरणाऱ्यांची नावं तुम्ही घेतलीत. जखमी किती होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे जे त्या दिवशी मेले नाहीत. त्यांना पाणी कुणी दिलं? पट्टी कुणी बांधली? की तसेच टाकून पळाले सगळे? ते कुणी सांगत नाही. मी दरवर्षी येते, दरवर्षी ऐकते, कुणी सांगत नाही." आणि तरातरा गाडीकडे निघून गेली. गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "नर्स आहेत." दुसरं काय सांगणार?

त्याच वर्षी परत येताना, मुरथलच्या ढाब्यावर, तिनं आम्हाला एक गोष्ट सांगितली. तिच्या तरुणपणी वॉर्डात एका रोग्याला तिनं शेजारच्या खाटेवरच्याचं इंजेक्शन दिलं. हातून झालं. रोग्याला थंडी वाजून आली, दोन दिवसांत उतरली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं स्वतः जाऊन डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "चुप रहिए, कौन देख रहा है?" तरी तिनं कागदावर लिहून दिलं. मग बरीच वर्षं तिची बढती अडकली, तिच्या मागून आलेल्या पुढं गेल्या.

मी म्हटलं, "कशाला सांगायचं मग? तो बरा झाला होता ना?"

तिनं पराठ्यावरचा हात थांबवला. "अहो घाडगे, त्या माणसाला कळायला नको, आपल्या अंगात काय गेलं ते?"

मला तेव्हा ते बावळटपणाचं वाटलं. मी तसं बोललोही. ती ताट पुसत बसली.

आता त्या जानेवारीचं.

संक्रांत तीन दिवसांवर आली होती. तिची गाडी आमच्या गॅलरीखालीच, उघड्या पार्किंगमध्ये उभी असायची. गाडीला चौदावं वर्ष संपत आलेलं. दिल्लीकडे पेट्रोलची गाडी पंधराव्या वर्षी मेली असं कागदावर ठरलेलं आहे, मग ती घोड्यासारखी पळत का असेना. माणसांनाही लावतील हा नियम एक दिवस. तर सकाळी मी गॅलरीत आलो आणि नाकात पेट्रोल गेलं. सिस्टरकडून चावी घेतली, खाली जाऊन बॉनेट उघडलं. इंजिनकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी क्लिपपाशी चिरली होती आणि थेंब जमत होता.

सिस्टरला हाक मारली. ती म्हणाली गॅरेजला पाठवू. मी म्हटलं, "एवढ्याशा नळीला गॅरेज? मी कशाला आहे?" घरी माझ्या पत्र्याच्या पेटीत गेस्ट हाऊसपासूनचे तुकडे पडलेले असतात. त्यातली एक काळी नळी काढली. जाडी तीच, भोक तेच, हाताला मजबूत. त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजी काहीतरी छापलं होतं. मला इंग्रजी येत नाही. सिस्टर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, विचारलं असतं तर तिनं वाचून दाखवलं असतं. मी विचारलं नाही. उलट नळी बसवताना अक्षरं खालच्या बाजूला येतील अशी फिरवली. का फिरवली, ते मला तेव्हाही माहीत होतं.

ती म्हणाली, "ही पेट्रोलचीच आहे ना?"

मी म्हटलं, "सिस्टर, चौतीस वर्षं. तुम्ही इंजेक्शन देताना मी विचारतो का?"

"विचारायला हवं," ती म्हणाली. पण नळी बसवू दिली. गाडीच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास होता, हे लिहायला मला जड जातंय.

त्या नळीवर आम्ही पानिपतला जाऊन आलो. मी, सुलोचना आणि ती. येताना दाट धुकं होतं, ती चालवत होती, मी शेजारी बसून तिळाच्या वड्या खात होतो आणि गाडी कशी मस्त चालली आहे ते सांगत होतो.

पुढच्या रविवारी ती चर्चला दिल्लीत गेली होती, मेट्रोनं. सकाळी नऊच्या सुमारास खाली आरडाओरडा झाला. तिच्या गाडीखाली पेट्रोलचा एवढा मोठा डाग पसरला होता, वास सगळीकडे. आणि तिथून दहा पावलांवर रामफल बिडी ओढत बसला होता. रामफल म्हणजे सोसायटीतल्या गाड्या धुणारा. बदायूंचा, चाळिशी ओलांडलेला, अकरा वर्षं आमच्या गेटच्या आत. तिची गाडी त्यानं नुकतीच धुतली होती. त्यागीजी लाल होऊन ओरडत होते, "आग लग जाती तो? पूरी बिल्डिंग उड़ जाती!"

रामफल म्हणत होता, "साहब, मैंने तो देखा भी नहीं. मैं तो उधर बैठा था."

त्यागीजी माझ्याकडे वळले. "घाडगे जी, आप एक्सपर्ट हैं. आप बताइए."

सिस्टर बाहेर जाताना चावी सुलोचनाकडे ठेवायची, ती आणून मी बॉनेट उघडलं. एका नजरेत दिसलं. माझी नळी फुगून मऊ पडली होती, वांग्यासारखी. तिच्यातून पेट्रोल पाझरत होतं. सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बॉनेट बंद केलं आणि म्हणालो, "धोते वक्त पाइप खींच दिया होगा इसने."

होगा. एवढाच शब्द मी माझ्यासाठी पळवाट म्हणून ठेवला.

रामफल म्हणाला, "चाचा, मैं तो बोनट खोलता ही नहीं कभी!" खरं होतं ते. त्याच्याकडे चावी नसायची. पण त्यागीजींना ऐकायचं नव्हतं. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तक्रार त्यांनी लिहिली, खाली मी सही केली. माझी सही चांगली आहे, गेस्ट हाऊसच्या वहीत रोज करून वळण आलेलं. रामफलचं गेटचं कार्ड काढून घेतलं. तो बादली तिथंच टाकून गेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही, हे मला बरं वाटलं.

दुपारी सिस्टर आली. सुलोचनानं तिला जिन्यातच सांगितलं. ती घरी गेली नाही. चर्चच्या पांढऱ्या साडीवर जुना एप्रन चढवून तशीच खाली उतरली. मी गॅलरीतून बघत होतो.

आधी तिनं बॉनेट उघडून ठेवलं आणि वास उडून जायची वाट बघत उभी राहिली. वाळूची बादली आणून शेजारी ठेवली. मग दवाखान्यातला स्टीलचा ट्रे काढला, त्यात कापूस, चिमटे, पक्कड, स्वच्छ फडकी, सगळं ओळीनं मांडलं, जणू गाडीचं ऑपरेशन. इंजिनचा तो सगळा भाग कापसानं कोरडा केला, एकेक सांधा. मग कमरेला खोचलेला डबा काढला. अंगाला लावायची पावडर! सगळ्या नळीवर, क्लिपांवर, खालच्या लोखंडावर पावडर भुरभुरवली, पांढरं शुभ्र केलं. मग आत बसून चावी फक्त अर्धी फिरवली, इंजिन सुरू न करता, म्हणजे नळीत पेट्रोल भरेल. उतरून वाकली आणि बघत राहिली. पावडर कुठं ओली होते ते. मी चौतीस वर्षांत हे केलेलं नाही. आम्ही हात लावून वास घ्यायचो. मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

अर्ध्या तासानं दार वाजलं. ती नळी कापून काढून आणली होती, स्टीलच्या ट्रेमध्ये.

"घाडगे, हे वाचा."

"चष्मा नाही माझ्याजवळ."

"डोक्यावर आहे."

मी चष्मा डोळ्यांवर घेतला. पांढरी अक्षरं होती तशीच होती. मी बघत राहिलो. सुलोचना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वॉटर," सिस्टर म्हणाली. "पाण्याची नळी आहे. पेट्रोलनं आतून विरघळली." तिनं बोट आत घालून फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. काजळासारखं काळं आलं. "ओढलेली नळी अशी होत नाही."

मी म्हटलं, "रामफलनं नाही ओढली असं कशावरून?"

ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि सगळं सोपं झालं असतं. ती म्हणाली, "नळी चुकली त्याचं मला काही नाही. आपण तिघं त्या नळीवर पानिपतला जाऊन आलो, त्याचंसुद्धा मी देवाशी बघून घेईन. पण आज तुम्ही बॉनेट उघडून बघितलंत, आणि मग बोललात. बघितल्यावर बोललात, घाडगे."

"मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"माहीत आहे. तुम्ही फक्त चार इंग्रजी अक्षरांना भिता." ट्रे उचलून ती दाराकडे वळली. "मला काही कबूल करू नका. मला कळलेलं आहे. ज्याच्या नावावर टाकलंत त्याला सांगा. त्याला कळायला नको?"

मी दार आपटलं. सुलोचना मला रात्रीचं जेवण वाढून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

मंगळवारी सिस्टरनं दुकानातून पेट्रोलची खरी नळी आणली आणि स्वतः बसवली. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला जोर उतरतो. बॅटरीची तार सोडली, इंजिन गार होऊ दिलं. क्लिप आवळताना दोन बोटांचा जोर, त्याहून जास्त नाही. मी क्लिप अशी आवळायचो की रबर कापलं जायचं, आणि त्याला पक्कं काम म्हणायचो. मग परत पुसलं, परत पावडर. पांढरीच राहिली. तिनं वर बघितलं नाही. मी गॅलरीत आहे हे तिला माहीत होतं.

त्यागीजींना ती भेटली होती. नळी दाखवली होती. ते म्हणाले, "सिस्टर जी, रजिस्टर में घाडगे जी का साइन है. वो आके बोल दें, मैं अभी वापस रख लूँ." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि मी गेलो नाही.

आणि मग तिनं ते सुरू केलं. सोसायटीनं गाड्या धुवायला दुसरा माणूस ठेवला होता. तिनं त्याला आपल्या गाडीला हात लावू दिला नाही. रोज सकाळी सहाला, जानेवारीच्या त्या थंडीत, सत्तर वर्षांची बाई रामफलनं टाकलेली बादली घेऊन खाली यायची आणि माझ्या गॅलरीखाली गाडी धुवायची. बादली सिमेंटवर ठेवल्याचा आवाज. मग पाणी. मग फडकं पिळल्याचा आवाज. मी अंथरुणात डोळे उघडून पडलेला. लोक विचारायचे, "अरे सिस्टर जी, आप?" ती म्हणायची, "रामफल नहीं है." बस एवढंच. माझं नाव कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. तिला हे माहीत होतं. किती चिडलो मी! सुलोचनाला म्हटलं, "ही मुद्दाम करते."

सुलोचना म्हणाली, "मग? चुकून करेल का?"

एके दिवशी मी गॅलरीतून ओरडलो, "सिस्टर, न्यूमोनिया होईल!" तिनं फडकं पिळलं, बॉनेट पुसलं, आणि वर न बघता म्हणाली, "होईल तर होईल. तुमच्या हातून नाही होणार, थंडीनं होईल."

तीन आठवडे. फेब्रुवारीत तिच्या नगरच्या बहिणीला अर्धांगाचा झटका आला. सिस्टरनं तिकीट काढलं, दुपारची गाडी. निघायच्या आधी आमच्याकडे आली. सुलोचनाच्या सुईचा, साखरेचा कागद करून आणला होता, मोठ्या मराठी अक्षरांत. माझ्यासमोर गाडीची चावी ठेवली.

"पुढच्या महिन्यात भाचा येऊन गाडी नगरला नेईल. नळीला पावडर लावून ठेवली आहे. आठ दिवसांनी बघा, पांढरी आहे का."

मी म्हटलं, "मला देता चावी?"

"तुम्हाला आता बघता येतं," ती म्हणाली. चिडून म्हणाली की कौतुकानं, ते मला आजही ठरवता येत नाही. खुर्ची पुसली नाही, बसलीच नाही.

मी गॅलरीत आलो. खाली ऑटो उभी होती. तिनं आधी पिशवी आत ठेवली. मग कमरेचा रुमाल काढला आणि वाकून ऑटोची सीट पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोपरेसुद्धा. ऑटोवाला म्हणाला, "माता जी, साफ है." "है तो है," ती म्हणाली, रुमालाची घडी घातली, बसली. गेटच्या बाहेर ऑटो वळली तेव्हा तिचा पांढरा अंबाडा एक क्षण दिसला. पुन्हा मी तिला पाहिलं नाही. दोन वर्षं ती फोनवर सुलोचनाशी बोलायची. मला फोन द्या असं कधी म्हणाली नाही, मीही मागितला नाही. ती गाडी नगरला अजून पळते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जागा झालो आणि बादलीचा आवाज आला नाही. मी वाट बघत पडलो. सव्वासहा झाले. काही नाही. इतकी शांतता मला सोसेना. मी स्वेटर चढवला, काठी घेतली, आणि सुलोचनाला न सांगता सोसायटीमागच्या वस्तीत गेलो. तीन ठिकाणी विचारल्यावर रामफलची खोली सापडली. तो मंडईत हमाली करायला निघत होता, डोक्याला मफलर गुंडाळत होता.

मी दारातच म्हटलं, "रामफल, पाइप मैंने लगाया था. गलत पाइप था. तूने कुछ नहीं किया."

त्यानं मफलरची गाठ मारली. "आपको मालूम कब हुआ, चाचा?"

"उसी दिन. बोनट खोला तब."

"मतलब साइन करने से पहले?"

"पहले."

त्यानं पायात चप्पल सरकवली. चहा विचारला नाही. बरोबर केलं त्यानं. मग म्हणाला, "यहाँ क्या बोल रहे हो? यहाँ तो दीवार सुन रही है. गेट पे चल के बोलो."

आम्ही चालत गेटवर आलो, तो पुढं, मी मागं. त्यागीजी फिरायला निघाले होते. म्हणाले, "अरे घाडगे जी, छोड़िए ना, पुरानी बात है." मी त्यांना ओरडलो, "रजिस्टर दो!" चौकीदारानं रजिस्टर दिलं. मी ते पान काढलं, माझ्या सहीखाली जागा होती. मोठ्या अक्षरात लिहिलं, मराठीतच आलं ते हातातून: नळी मी बसवली. चुकीची होती. रामफलचा दोष नाही. आणि सही केली. माणसं थांबून वाचत होती, वाचू दिली.

त्यागीजींनी परत दिलेलं कार्ड घेऊन रामफल सरळ सिस्टरच्या गाडीकडे गेला. बादली चाकाशेजारी उपडी ठेवलेली होती, त्यानं भरून आणली. मी खिशातून चावी काढली आणि बॉनेटकडे हात नेला.

"हाथ मत लगाना, चाचा," तो म्हणाला.

मी हात मागे घेतला. चावी खिशात ठेवली, आणि त्याचं धुऊन होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.